एच-१३ पोलाद (हॉट डाय स्टील)

एच-१३ : तापलेल्या किंवा वितळलेल्या धातूला आकार देणाऱ्या डायसाठी (साच्यासाठी) वापरले जाणारे हत्यारी पोलाद. अमेरिकी मानकात त्याला एच-१३ म्हणतात, जर्मन मानकात १.२३४४ आणि जपानीत एसकेडी-६१. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये (डाय बनवणाऱ्या कारखान्यांत) 'हॉट डाय' किंवा 'एचडीएस' एवढेच म्हटले जाते. फोर्जिंगच्या (तापलेला धातू ठोकून घडवण्याच्या) हॅमरखालचे 'डीबी-६' हे निकेलयुक्त पोलाद वेगळे. दोन्हींचे उष्णता संस्करण (तापवून-थंड करून गुण बदलणे) वेगळे असल्याने भट्टीत माल लावण्यापूर्वी ग्रेड नीट विचारून घ्यावा.

एच-१३ मध्ये कार्बन सुमारे ०.४ टक्के, म्हणजे फार नाही. क्रोमियम ५, मॉलिब्डेनम सुमारे १.३, व्हॅनेडियम १ आणि सिलिकॉन १ टक्क्याच्या आसपास असते. कार्बन कमी ठेवल्याने चिवटपणा टिकतो. क्रोमियम आणि मॉलिब्डेनममुळे मोठा ठोकळाही हवेत किंवा वायूच्या झोतात आतपर्यंत कठीण होतो. व्हॅनेडियमचे बारीक कार्बाइड कण भट्टीतल्या तापमानाला धातूचे दाणे वाढू देत नाहीत. थंड असताना याहून कठीण असलेली पोलादे कितीतरी आहेत. एच-१३ ची खरी लायकी लाल तापलेल्या मालाशी गाठ पडल्यावर कळते. साधे कार्बन पोलाद ५००-५५० अंशांना (येथील सर्व अंश सेल्सिअस) पार मऊ पडते, हे मात्र ताठ राहते.

ॲल्युमिनियमच्या प्रेशर डायकास्टिंगमध्ये (दाबाने साच्यात ओतकाम) साधारण ६५० ते ७०० अंशांचा रस २०० अंशांच्या आसपास असलेल्या डायमध्ये वेगाने घुसतो. कास्टिंग निघाले की त्याच पृष्ठभागावर गार स्प्रे बसतो, आणि हे प्रत्येक शॉटला, म्हणजे रस मारण्याच्या प्रत्येक फेरीला, होते. पृष्ठभाग आतल्या धातूपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला, तर १०० मिलिमीटर लांबीला तो सुमारे पाव मिलिमीटर वाढू पाहतो. आतला थंड धातू त्याला वाढू देत नाही. साधा हिशेब केला तरी हा ताण ५०० मेगापास्कलच्या वर जातो. हजारो शॉटनंतर काळ्या रानाला उन्हाळ्यात पडाव्यात तशा जाळीदार भेगा डायवर उमटतात. यालाच हीट चेकिंग म्हणतात. भेगांची ती जाळी पुढे प्रत्येक कास्टिंगवर उठते.

उष्णता संस्करण. गावच्या लोहारापासून आलेला 'पाणी देणे' हा शब्द आजही हार्डनिंगला (पोलाद कठीण करण्याला) सर्रास वापरतात, पण एच-१३ ला खरेच पाण्यात बुडवले तर ते तडकते. ॲनिल केलेला (तापवून सावकाश थंड करून नरम केलेला) ठोकळा कठीणतेच्या ब्रिनेल मापात २२९ पर्यंत, म्हणजे मऊ असतो. त्यातून डाय कोरून घेतात. मग ती व्हॅक्यूम भट्टीत ६५० आणि ८५० अंशांवर थांबत थांबत, गाभा आणि पृष्ठभाग बरोबरीने तापतील अशी चढवतात. पुढे १०२० ते १०३० अंशांना सुमारे अर्धा तास सोकिंग होते, म्हणजे डाय त्याच तापमानाला धरून ठेवतात. याहून तापवले तर दाणे फुगतात.

त्यानंतरचे क्वेंचिंग, म्हणजे झटपट थंड करणे, हा सगळ्यात नाजूक टप्पा. नायट्रोजनच्या दाबाने डाय झपाट्याने थंड करतात. मोठ्या डायला मिनिटाला किमान २८ अंशांचा वेग अपेक्षित असतो. वेग कमी पडला तर कार्बाइड दाण्यांच्या कडांवर जमतात आणि चिवटपणा जातो, पण रॉकवेल कठीणतेचा (एचआरसी) आकडा तेवढाच येतो. म्हणून '४६ एचआरसी आले, काम झाले' हे म्हणणे घातक आहे. एकाच कठीणतेच्या दोन डायपैकी एक लाखभर शॉट चालते, तर दुसरी पहिल्याच महिन्यात कोपऱ्यातून फुटते. खात्री हवी असेल तर डायबरोबर त्याच पोलादाचा तुकडा भट्टीत घालून त्याची आघात चाचणी घ्यावी आणि सूक्ष्मरचना पाहावी.

डाय ५०-७० अंशांवर, हात जेमतेम टेकवता येईल इतकी उतरली की लगेच टेम्परिंगला (ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा तापवायला) घ्यायची. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी तडा दिसू शकतो. टेम्परिंग किमान दोनदा करतात, आणि दर वेळी डाय पूर्ण तापल्यावर दोन तास धरतात. हार्डनिंगमध्ये पोलादाच्या ऑस्टेनाइट या तापलेल्या अवस्थेतल्या रचनेचे मार्टेन्साइट या कठीण रचनेत रूपांतर होते. पहिल्या वेळी उरलेल्या ऑस्टेनाइटचे नवे, ठिसूळ मार्टेन्साइट होते. त्याला नरमावण्यासाठी दुसरी वेळ लागतेच. तिसरी वेळही दिली तर उत्तम. ५०० अंशांच्या आसपास कठीणता पुन्हा वर चढते, पण तिथेच चिवटपणा सर्वांत कमी असतो. म्हणून ते शिखर ओलांडून ६०० अंशांच्या जवळपास जातात आणि ४४ ते ४८ एचआरसी पदरात पाडून घेतात.

नंतर ५०० ते ५३० अंशांना नायट्रायडिंग केले (पृष्ठभागात नायट्रोजन मुरवला) की त्याची कठीणता विकर्स मापात १,००० च्या वर जाते आणि ॲल्युमिनियम चिकटणे कमी होते. हा थर पातळच बरा. जाड थर भेगांना आमंत्रण देतो. हार्डनिंगनंतर स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणे) केले असेल तर वर वितळून गोठलेला पांढरा, ठिसूळ थर राहतो. तो घासून पूर्ण काढावा आणि आधीच्या टेम्परिंगपेक्षा २०-२५ अंश कमी तापमानाला पुन्हा एकदा टेम्परिंग द्यावे.

मशिनवर चढवल्यावरही डाय आधी १८० ते २५० अंशांपर्यंत तापवून मगच पहिला शॉट मारायचा. थंड एच-१३ चा चिवटपणा कमी असतो आणि गार डायवर पडलेल्या पहिल्या रसाचा धक्का सर्वांत मोठा असतो.