चाच्यांची राणी, बागींच्या गावात

ग्वाल्हेरातल्या मराठी पोराने 'समुद्री चाचे' हे शब्द पहिल्यांदा ऐकले की ते हसतं. गल्लीत, शाळेत दिवसभर हिंदी. तिथे चाचा म्हणजे वडिलांचा भाऊ. समुद्र तर आमच्या वाट्याला आलेलाच नाही. पाणी म्हणायचं तर तिघऱ्याचं धरण, नाहीतर शहराच्या लष्कर या भागातून जाणारी स्वर्णरेखा, आणि तिला नदी म्हणणं हा आता निव्वळ सभ्यपणा. पण प्रभातचा १९३६ चा 'अमर ज्योती' लावून बसलं की पडद्यावरची गलबतं परकी वाटत नाहीत.

दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, कथा के. नारायण काळे यांची, बोलणं हिंदीत. सौदामिनीच्या पोटच्या मुलावर तिचा हक्क नाही, असं तिच्या राज्याचा कायदा सांगतो. ती रडत बसत नाही. गलबतं घेऊन त्याच राज्यावर उलटते आणि दुर्जय या मंत्र्यालाच पकडते. दुर्जय झाले होते चंद्रमोहन. त्यांचे ते मोठाले डोळे 'अमृतमंथन'पासून लोकांच्या लक्षात होतेच. सौदामिनी म्हणजे दुर्गा खोटे. याच दुर्गाबाई १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'त सगळं सोसणारी तारामती होत्या. चार वर्षांत तारामतीच्या हातात तलवार आली, हे मला कुठल्याही लढाईपेक्षा थरारक वाटतं.

चित्रपट आज ओबडधोबड दिसतो, हे कबूल. पण त्या काळचा समुद्रपट सगळीकडे असाच हाताने घडवलेला असे. जहाज लहान करता येतं, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. हौदात छोटं गलबत सोडलं की फेसाचा बुडबुडा तोफेच्या गोळ्याएवढा दिसतो आणि भांडं फुटतं. उपाय एकच: कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवायचा, म्हणजे पडद्यावर लाट जडशीळ होऊन सावकाश उठते. 'अमर ज्योती'च्या वर्षभर आधी हॉलिवूडने 'कॅप्टन ब्लड' काढला, तोही छोटी जहाजं आणि जुन्या मूकपटातले तुकडे जोडून. तेव्हा आपल्या शिडांना हसण्याआधी जरा थांबावं.

चाचा कोणाला म्हणायचं, हे मात्र म्हणणाऱ्यावर ठरतं. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकणच्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज न्यायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता. इंग्रजांच्या लेखी ती चाचेगिरी. १७२९ मध्ये कान्होजी गेले. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपण सहसा हळू आवाजात सांगतो. पुढे आंग्र्यांची एक शाखा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या सरदारांत आली. म्हणून समुद्र नसलेल्या या शहरात आंग्रे आडनाव मात्र सगळ्यांच्या ओळखीचं.

शांताराम यांना या शब्दांच्या राजकारणाचा अनुभव होता. त्यांच्या शिवाजीवरच्या मूकपटाचं 'स्वराज्याचे तोरण' हे नाव इंग्रजी सेन्सॉरला खुपलं आणि १९३० मध्ये तो 'उदयकाल' म्हणून आला. 'अमर ज्योती'तलं राज्य कुठलंच नाही. काल्पनिक राज्याच्या कायद्यावर तोफ डागली तर हरकत कोण घेणार? हा माझा तर्क.

आणि आमच्याकडे तर चंबळ. खोऱ्यात उतरलेल्याला पोलीस डाकू म्हणतात, तो स्वतःला बागी, म्हणजे बंडखोर, म्हणवतो. १२ फेब्रुवारी १९८३ ला फूलनदेवीने भिंडला शस्त्रं खाली ठेवली, ती गोष्ट इथे अजून घरोघरी निघते. माझी आत्या भिंडलाच वाढली. परवा तिला हा चित्रपट दाखवला. प्रिंट पावसात भिजल्यासारखी, आवाज खरखरीत. पहिल्या झटापटीलाच ती म्हणाली, "ही कसली चाची! ही तर बागी आहे." मग चष्मा पुसत म्हणाली, "लढाई राहू दे. पोरगा परत मिळतो का हिला, तेवढं आधी सांग."