पोर्शे ९११ : काटकसर दिव्यात चालली, बेअरिंगमध्ये नडली

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात ‘टू-आर-एस’ मागा, लगेच मिळेल. दोन्ही बाजूंना रबरी सील आणि आत कारखान्यातूनच भरून आलेले ग्रीस. छोटी मोटर, कन्व्हेयरचा रोलर अशा कोरड्या जागी त्याला तेलपाणी न करता ते वर्षानुवर्षे चालते. याच जातीचे बेअरिंग पोर्शेने आपल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनात बसवले, तेही गरम तेलाने कायम ओल्या राहणाऱ्या जागी. परंपरा सोडली म्हणून पोर्शेला बोल लावणारे बहुतेक जण या बेअरिंगबद्दल नव्हे, तर हेडलाइटबद्दल बोलतात.

१९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसलेल्या ९११ ची ओळख म्हणजे मागे बसवलेले, हवेने थंड होणारे सहा सिलिंडरचे इंजिन. १९९० नंतर विक्री घसरली, जुळवणीला वेळ फार लागायचा आणि कंपनी तोट्यात गेली. १९९३ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या वेंडेलिन वीडेकिंग यांनी टोयोटात काम केलेले जपानी सल्लागार कारखान्यात आणले. १९९६ ची बॉक्सटर (पोर्शेचीच स्वस्त गाडी) आणि १९९७ ची नवी ९११ म्हणजे ९९६ यांना बॉनेट, पुढचे मडगार्ड, दारे आणि हेडलाइट सामाईक ठेवले. चिकलठाणा-शेंद्र्याच्या प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला यातला फायदा सांगावा लागत नाही: डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) एकच, तिचा खर्च दोन गाड्यांवर वाटला जातो. इंडिकेटर आणि फॉग लॅम्पसकट सगळा दिवा एका तुकड्यात आला, त्यामुळे लाइनवर तो झटकन बसू लागला. जुना गोल दिवा गेला म्हणून चाहते चिडले. २००२ मध्ये ९११ चा दिवा बॉक्सटरपेक्षा वेगळा केला आणि पुढच्या पिढीत तो पुन्हा गोल झाला. रूप बदलले खरे, पण त्या काटकसरीने गाडीचे काही बिघडले नाही.

या गाड्यांत पाण्याने थंड होणारे इंजिन आणले, त्यालाही काटकसर म्हणता येत नाही. तेवढ्याच आकारमानाचे पाणी तेवढ्याच तापमानवाढीत हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले की दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधली चिंचोळी भिंत सर्वांत जास्त तापते आणि तिथवर पुरेशी हवा पोचवणे अवघड असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के विरळ होते, शिवाय आधीच तापलेली असते. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत असताना जुनी पद्धत टिकणे कठीणच होते.

खरी चूक आत होती. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टकडे नेणारा एक मधला शाफ्ट या इंजिनात आहे. त्याचे क्लचकडचे टोक त्या सीलबंद बेअरिंगवर फिरते. उष्णतेने रबर कडक होते, सीलच्या कडेने इंजिन ऑइल आत झिरपते आणि ग्रीस पातळ होऊन धुऊन जाते. आत शिरलेले तेल मात्र तिथेच अडकते. ऑइल बदलले तरी ते बदलत नाही. म्हणजे सील ग्रीस राखण्याइतके घट्ट नाही आणि ताजे तेल येऊ देण्याइतके सैलही नाही. गोळ्या आणि त्या ज्यांवर फिरतात त्या कड्या (रेस) खरवडतात, शाफ्ट डगमगतो, टायमिंगची साखळी दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. एका बेअरिंगपायी पूर्ण इंजिन जाते. एकेरी ओळीच्या गोळ्यांचे बेअरिंग आधीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगपेक्षा जास्त निकामी झाले. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबत ग्राहकांचा सामूहिक दावा उभा राहिला.

जास्त खटकते ते पुढे. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी-थ्री या महागड्या गाड्यांत पोर्शेचे इंजिनतज्ज्ञ हान्स मेत्सगर यांच्या जुन्या घराण्याचे इंजिन होते. त्यातला मधला शाफ्ट दाबाने तेल मिळणाऱ्या साध्या, बिनगोळ्यांच्या बुश बेअरिंगवर फिरतो आणि तिथे हा आजार नाही. उपाय घरात होता, पण स्वस्त गाडीपर्यंत पोचला नाही. २००९ च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला.

जुनी बॉक्सटर किंवा ९९६ घेणाऱ्याने आधी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात. काळे रबरी कण सीलचे असू शकतात. चुंबकाला चिकटणारी चमकदार कीस म्हणजे पोलाद झिजते आहे. फिल्टर स्वच्छ असेल तर क्लच बदलताना बेअरिंग बदलण्याचे काम उरकावे, कारण गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील तेव्हा उतरलेलेच असते. क्रँक आणि कॅमशाफ्ट लॉक करून, चेन टेन्शनर काढून मगच बेअरिंगच्या फ्लँजला (झाकणाला) हात लावावा, नाहीतर टायमिंग सरकते. नवे बेअरिंग सिरॅमिक गोळ्यांचे आणि इंजिनच्या तेलाकडच्या बाजूने उघडे घ्यावे, म्हणजे इंजिनचे तेल त्याला मिळत राहते. ऑइल दर ८,००० किलोमीटरला बदलावे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. २००६ ते २००८ च्या इंजिनांत बेअरिंग मोठे आहे, पण क्रँककेस उघडल्याशिवाय ते निघत नाही. फिल्टरमध्ये पोलादाची कीस सापडली, तर नुसते बेअरिंग बदलून भागणार नाही. ती कीस तेलाबरोबर सगळीकडे फिरलेली असते, म्हणून इंजिन पूर्ण उघडून धुवावेच लागते.