क्रँककेस वायुवीजन

क्रँककेस वायुवीजन : पेट्रोल किंवा डिझेल इंजिनात पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट सामावणाऱ्या, इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरणारे वायू बाहेर काढण्याची, किंवा पुन्हा जळण्यासाठी सिलिंडरकडे वळवण्याची व्यवस्था. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘ब्रीदर’ म्हणतात. या नोंदीत तिचा विचार जुन्या, कार्बोरेटर असलेल्या मोटारीचे इंजिन खोलून बांधण्याच्या अंगाने केला आहे. उदाहरणादाखल ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज इंजिन घेतले आहे. एम.जी.ए. आणि एम.जी.बी. या स्पोर्ट्‌स मोटारींत ते होते आणि त्याचेच १,४८९ सी.सी.चे रूप हिंदुस्थान ॲम्बॅसॅडरमध्ये होते, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना ते अनोळखी नाही.

वायू येतो कुठून : रिंगा कोऱ्या असल्या तरी त्यांच्या तोंडाशी फट ठेवावीच लागते, ८० मिमी.च्या बोअरला ती साधारण ०.३ मिमी. असते. ज्वलनाच्या दाबाने या फटीतून आणि रिंगांच्या कडांवरून थोडा वायू प्रत्येक वेळी खाली निसटतो. इंजिन झिजले की तो वाढतो आणि मिस्त्री म्हणतात, ‘इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. या वायूत न जळलेले पेट्रोल असते, नायट्रोजनची ऑक्साइडे असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते; खाली उतरलेला थोडा अंश मात्र थंड लोखंडावर थिजतो, ऑइलमध्ये घुसळला जातो आणि आम्ले तयार करून बेअरिंगे खातो. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर दिसतो तो यातूनच. पावसाळ्यात इंजिनात ओल शिरली असे त्याचे निदान हमखास केले जाते, पण बहुतेक वेळा गाडी जवळच्या जवळ फिरून पुरती तापत नसते आणि ब्रीदर तुंबलेला असतो. रेडिएटरमधले पाणीही उतरत असेल तर मात्र आधी हेड पॅकिंग पाहावे.

वायूला वाट मिळाली नाही की क्रँककेसमध्ये दाब चढतो आणि जिथे पॅकिंग किंवा सील कच्चे असेल तिथून ऑइल बाहेर ढकलले जाते. ॲम्बॅसॅडर किंवा एम.जी.ए.च्या तीन बेअरिंगांच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसतेच. क्रँकवर कापलेले उलटे आटे फिरताना ऑइल आत ओढून घेतात, एवढ्यावरच सगळे चालते. आत दाब असला की ही युक्ती हरते आणि ऑइल बेल हाउसिंगमध्ये (क्लचच्या कवचात) उतरून क्लच प्लेट भिजवते. ब्रिटिश इंजिने गळायचीच, असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी निदान एकदा ब्रीदर काढून पाहावा.

चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येतात तेव्हा दोन वर जातात, म्हणून क्रँककेसमधली जागा जवळपास तेवढीच राहते. एकच सिलिंडर असलेल्या जुन्या बुलेटमध्ये ती प्रत्येक फेऱ्याला कमीजास्त होते. तिथे वायू बाहेर सोडून हवा आत येऊ न देणारी रबरी झडप लागते.

उघडी नळी ते बंद मार्ग : १९६०च्या आधीच्या बहुतेक मोटारींत क्रँककेसमधून एक नळी थेट गाडीखाली सोडलेली असे. तिचे टोक तिरपे कापलेले असल्याने गाडी धावताना त्याच्याशी हवेचा दाब कमी होई आणि वायू ओढला जाई; ताजी हवा ऑइलच्या जाळीदार झाकणातून आत येई. साधी आणि बिनखर्चाची युक्ती, पण गाडी उभी असताना किंवा रांगत असताना ती जवळजवळ काहीच करत नसे. म्हणजे ओढ नेमकी हवी तेव्हाच नसे.

ती मागे पडली ती मात्र इंजिनाच्या भल्यासाठी नव्हे. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा माग काढताना आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञाने १९५०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले की, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. पुढे मोटारींकडे बोट गेले, तेव्हा कळले की कोणतेही नियंत्रण नसलेल्या मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे तर क्रँककेसमधून येतो. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून आणि सगळ्या अमेरिकेत १९६३पासून नव्या मोटारींत हे वायू इनलेट मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना मिश्रण पुरवणाऱ्या नळीसंचाकडे) वळवणारी पी.सी.व्ही. (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) झडप आली. उपाय नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये अशी झडप होतीच, कारण पाण्यातून जाणाऱ्या गाडीला खाली उघडी नळी परवडत नाही. प्रदूषण रोखणारी साधने आणण्यात मोटार कंपन्यांनी संगनमताने वेळकाढूपणा केला, असा दावा अमेरिकेच्या न्याय खात्याने १९६९मध्ये गुदरला. तो त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

पी.सी.व्ही. झडपेत स्प्रिंगवर बसलेला एक दट्ट्या असतो. आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना) मॅनिफोल्डमधले व्हॅक्यूम सर्वांत जास्त असते. तेव्हा दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद करतो, नाहीतर मिश्रणात हवा जास्त होऊन इंजिन बंद पडेल. गाडी मध्यम वेगात असताना वाट रुंदावते. इंजिनाने कार्बोरेटरमधून बॅकफायर मारला तर दट्ट्या उलटा बसून ज्वाळा क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. पूर्ण रेस दिल्यावर व्हॅक्यूम जवळपास संपते आणि वायू मात्र सर्वांत जास्त असतो. बंद व्यवस्थेत तो अशा वेळी ताज्या हवेच्या नळीतून उलटा एअर क्लीनरमध्ये जातो. तिथे ऑइलचा ओलावा दिसणे म्हणूनच स्वाभाविक आहे. थेंब साचू लागले तर रिंगांची शंका घ्यावी.

बी-सिरीजमधले बदल : एम.जी.ए.मध्ये टॅपेटच्या बाजूच्या कव्हरवरून नळी खाली रस्त्याकडे जाते आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकर कव्हरवरून दुसरी एअर क्लीनरला. एम.जी.बी.त १९६४मध्ये बंद मार्ग आला. बाजूच्या पुढच्या कव्हरवर ऑइल वेगळे करणारा, आत तारेची जाळी असलेला डबा, तिथून मॅनिफोल्डवरच्या स्मिथ्स बनावटीच्या पडदा-झडपेपर्यंत नळी आणि ताज्या हवेसाठी ऑइलचे गाळणीवाले झाकण. साठच्या दशकाच्या अखेरीस झडप गेली आणि नळी थेट एस.यू. कार्बोरेटरच्या अंगावर, कार्बोरेटरचा स्वतःचा सरकता पिस्टन आणि थ्रॉटल यांच्या मधल्या भागाला जोडली गेली. तिथले व्हॅक्यूम बहुतेक वेळ सौम्य आणि एकसारखे असल्याने वेगळ्या झडपेची गरजच उरली नाही. या तिन्हींत हीच पद्धत सर्वांत देखणी म्हणावी लागेल. पुढे अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना बिनछिद्री झाकण आले, आणि ताजी हवा रॉकर कव्हरवरच्या अरुंद छिद्राच्या नळीतून, पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यामार्गे येऊ लागली.

इंजिन बांधताना : खरा घोळ इथे होतो. एका सालचे रॉकर कव्हर, दुसऱ्या सालचे झाकण आणि तिसऱ्या सालचे कार्बोरेटर, अशी इंजिने सर्रास आढळतात. हवा आत यायची वाट, वायू बाहेर जायची वाट आणि ओढ देणारी जागा ही तिन्ही एकाच व्यवस्थेची असावी लागतात. छिद्राचे झाकण आणि छिद्राचे रॉकर कव्हर एकत्र आले तर गरजेपेक्षा जास्त हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि मिस्त्री दिवसभर कार्बोरेटर पिळत बसतो. बिनछिद्री झाकणाला बिनछिद्री कव्हर मिळाले की ताज्या हवेला वाटच नाही. वायू निघतात, पण आतली वाफ धुऊन निघत नाही. क्रोमचे चकचकीत झाकण हौसेने बसवणाऱ्यांकडून हे बहुतेक नकळत होते.

बाजूच्या कव्हरवरच्या डब्यातली जाळी काढता येत नाही. ब्लॉक केमिकलने धुऊन, बोअर करून, होन मारून येतो आणि हा डबा मात्र बाहेरून रंगवून तसाच परत लागतो. आत वर्षानुवर्षांचा काळा चिखल. तो रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी हवा मारावी. तोंडाने फुंकल्यावर अडथळा जाणवला तर पुन्हा धुवावा. कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळले की पातळ पत्रा वाकतो आणि नवे कॉर्क पॅकिंगही गळू लागते. नळीसाठी पाण्याचा होज चालत नाही: ऑइलने तो फुगतो, मऊ पडतो आणि आतून चिकटून बसतो, तेही बाहेरून दिसत नाही. स्मिथ्स झडपेचा रबरी पडदा फाटला असेल तर आयडलिंग बिघडते आणि इंजिन ऑइल ओढून निळा धूर मारते. अशा धुरावरून नव्या रिंगांना दोष देऊन इंजिन परत खोलले जाते, म्हणून पडदा आधी बदलावा.

उघड्या नळीच्या इंजिनाला पी.सी.व्ही. लावणे शक्य आहे आणि शहरात फिरणाऱ्या गाडीला ते फायद्याचेही आहे. झडप तेवढ्याच सी.सी.च्या इंजिनाची घ्यावी, तिच्यापुढे ऑइलचे शिंतोडे अडवणारा पत्रा असावा आणि ताजी हवा गाळून, इंजिनाच्या शक्य तितक्या दुसऱ्या टोकाने आत घ्यावी. जुनी नळी उघडी ठेवून झडप बसवली तर इंजिन रस्त्यावरची धूळ ओढून घेते. त्यापेक्षा मूळची नळी बरी.

तपासणी : इंजिन तापवून आयडलिंगला ठेवावे आणि ऑइलच्या झाकणाच्या जागी कागदाचा तुकडा धरावा, तो हलका ओढला गेला पाहिजे. स्मिथ्स झडपेच्या एम.जी.बी.साठी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये याहून सोपी खूण दिली आहे: झाकण काढताच इंजिनाचा वेग सुमारे २०० आर.पी.एम.ने वाढावा, वाढला नाही तर झडप खोलावी. झाकणातली गाळणी वेगळी मिळत नसल्याने १२,००० मैलांनी अख्खे झाकण बदलायचे असते. अचूक मोजायचे तर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात वाकवून निम्मी पाण्याने भरावी आणि तिचे एक टोक डिपस्टिकच्या भोकाला घट्ट जोडावे. दोन्ही भुजांतल्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे क्रँककेसमधला दाब. नवे बांधलेले इंजिन पहिले काही शे किलोमीटर, रिंगा बसेपर्यंत, थोडा जास्त वायू सोडते. त्यानंतरही आयडलिंगला पाणी बाहेरच्या भुजेत चढलेलेच राहिले, तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमध्ये भरलेली हवा किती निसटते ते) तपासावे.

शर्यतीच्या गाड्यांत मॅनिफोल्डला काहीही न जोडता जाड नळ्या कॅच टँकमध्ये (ऑइल अडवून साठवणाऱ्या डब्यात) सोडतात, कारण त्या जवळपास सतत पूर्ण रेसवर धावतात. ट्रॅकवर ऑइल सांडू नये म्हणून एफ.आय.ए. या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांत अशा उघड्या ब्रीदरसाठी २,००० सी.सी.पर्यंत २ लिटरचा आणि त्यापुढे ३ लिटरचा टँक सक्तीचा आहे. रस्त्यावरच्या गाडीत ही नक्कल दिसायला झकास असते, पण आयडलिंगला तिच्यात ओढ नसते आणि वाहतूक कोंडीत उभ्या गाडीच्या आत ऑइलचा वास येत राहतो.