बंगल्याच्या बाहेरच्या भिंतीला काय लावावं?

दगड कुठला चांगला, हे विचारायला बहुतेक जण येतात. आम्ही आधी विचारतो : भिंत कुठल्या दिशेची, आणि आत ओल येते का?

पुण्यात पाऊस झोडपतो तो मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून. एप्रिल-मे महिन्यातलं दुपारचं चाळिशीचं ऊनही पश्चिमेच्याच भिंतीवर. बजेट मोजकं असेल तर ते याच बाजूला घाला. उत्तरेच्या भिंतीला चांगलं प्लास्टर आणि रंग पुरतो. चारी बाजूंना दगड लावा, असं आम्ही कुणाला सांगत नाही.

आधी ओल

क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून लावलेलं दगड-टाइलचं आवरण, ओल थांबवत नाही, झाकतं. पाणी बहुतेक वेळा पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्यावरून, खिडकीच्या चौकटीच्या कडेनं किंवा बीम आणि विटकामाच्या सांध्यातल्या भेगेतून शिरतं. नव्या रो-हाउसमध्ये एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे, असतात. तिथे सांध्यावर जाळी न मारता प्लास्टर केलं असेल तर भेग हमखास. छज्ज्याखाली ड्रिप मोल्ड (पाणी कडेलाच खाली पाडणारी खाच किंवा पट्टी) नसेल तर पाणी उलटं वळून भिंतीवर येतं. हे सगळं आधी दुरुस्त करायचं, मग भिंत सुकू द्यायची, मग क्लॅडिंग. म्हणून शक्यतो दिवाळीनंतर काम धरा.

दगड

बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पाणी फार कमी पितो. जोत्यापासून तीन फुटांपर्यंत, जिथे पावसाचे मातकट शिंतोडे उडतात, तिथे याला तोड नाही. शनिवारवाड्याचा तटही खाली दगडी आणि वर विटांचाच आहे. शहाबादी स्वस्त आणि चांगली, पण ती चुनखडीची फरशी : काम झाल्यावर कारागीर सिमेंटचे डाग काढायला अ‍ॅसिड मारतात, ते मारू देऊ नका, पृष्ठभाग खराब होतो. वाळूचे दगड (धोलपूरसारखे) दिसतात सुरेख, मात्र पाणी शोषतात. सीलर (पाणी अडवणारा लेप) मारावा लागतो आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. जांभा मागणारेही बरेच. कोकणात त्याच्या भिंतीवर पडवीचं लांब छप्पर उतरलेलं असतं. इथल्या उघड्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत शेवाळं धरतं.

वजन विसरू नका. २० मिमी जाडीचा दगड एका चौरस मीटरला साधारण ५० किलो भरतो. उंचावर तो नुसत्या सिमेंटच्या भरवशावर नको, स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पनं धरलेला हवा. एएसी ब्लॉकमध्ये साधे अँकर नीट धरत नाहीत. तिथे वजन काँक्रीटच्या बीम-कॉलमवर न्यावं लागतं.

बाकीचे पर्याय

वायरकट विटांच्या टाइल्स आमच्या आवडीच्या : रंग भाजलेला असल्यानं उडत नाही. पॉइंटिंग (सांध्यांची भरणी) मात्र भरीव हवं, नाहीतर पांढरा लोणा फुटतो. फायबर सिमेंट बोर्ड हलके आणि ठीक. एचपीएल (दाबून बनवलेलं लॅमिनेट) घेताना बाहेरच्या वापराचीच शीट घ्या, आतली उन्हात विटते. एसीपी, म्हणजे दोन अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये गाभा असलेलं पॅनेल, घरासाठी आम्ही सुचवत नाही. घेणारच असाल तर आगरोधक गाभ्याचंच. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये मुख्यतः पॉलिइथिलीन (प्लास्टिक) गाभ्याच्या अशा पॅनेलमुळे आग बाहेरून वर चढत गेली.

अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेले काका-काकू तिथल्यासारखं विनाइल साइडिंग (भिंतीवर बाहेरून लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) मागतात. तिथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची, तिथे साइडिंग हेच घराचं पावसाळी पांघरूण. आपली भिंत विटांची किंवा ब्लॉकची. तिला ते काम प्लास्टरच करून देतं.

कोटेशन घेताना परांची, जुनं प्लास्टर तोडणं आणि राडारोडा उचलणं वेगळं लिहून मागा. दर स्वस्त दिसतो तो बहुधा यातलं काहीतरी वगळल्यामुळे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ओल दिसेल तिथले फोटो काढून ठेवा, साइट पाहायला येऊ तेव्हा तेच आधी दाखवा.