थंडीतली मरगळ म्हणजे आळस नव्हे

‘थंडीत उदास वाटणं हा निव्वळ आळस, पांघरूण फेकलं की जातो,’ असा मेसेज दर हिवाळ्यात फिरतो. पण काही जणांचं दुखणं खरं असतं. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. मुंबईत डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा, लंडनमध्ये जेमतेम ८. तिथली आपली माणसं अंधारात कामाला निघतात, अंधारातच परततात. उजेड घटला की झोप, भूक, उत्साह बिघडू शकतो. ट्यूबलाइटने भागत नाही. मोबाइलवर उजेड मोजणारं ॲप घेऊन बघा: खोलीत शे-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक), ढगाळ दुपारीही बाहेर हजारांत. म्हणून सकाळचा चहा अंगणात घ्या. दोन आठवडे मन उभारीच धरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. यावर उपचार आहेत.