टर्बो लॅग की बूस्ट थ्रेशोल्ड?

घाटात तिसऱ्या गिअरमध्ये 1400 आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी खेचेना, की ‘टर्बोला लॅग आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. तो बहुतेक वेळा लॅग नसतो. टर्बोमध्ये एक्झॉस्टचा वायू टर्बाइन नावाचे चाक फिरवतो आणि त्याला जोडलेला कंप्रेसर इंजिनात जास्त हवा दाबतो; हा वाढीव दाब म्हणजे बूस्ट. एवढ्या कमी आरपीएमवर एक्झॉस्टमधून जितका वायू बाहेर पडतो, तितक्यात टर्बाइन पुरेशा वेगाने फिरूच शकत नाही. त्यामुळे आरपीएम चढल्याशिवाय, कितीही वेळ पाय दाबून ठेवला तरी, पुरेसा बूस्ट मिळत नाही. ही मर्यादा म्हणजे बूस्ट थ्रेशोल्ड, आणि ती आरपीएममध्ये सांगतात. लॅग मात्र वेळेत मोजायचा. इंजिन थ्रेशोल्डच्या वर, समजा 2800 आरपीएमवर असताना, उचललेला पाय पुन्हा दाबल्यापासून बूस्ट गेजचा काटा चढेपर्यंत जो क्षण जातो, तो लॅग.

आपल्याकडच्या जुन्या डिझेल स्विफ्टमधले 1248 सीसीचे इंजिन 190 न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) 2000 आरपीएमवर देत असे. एर्टिगात त्याच इंजिनाला बदलत्या पात्यांचा टर्बो मिळाला आणि 200 न्यूटन-मीटर 1750 लाच मिळू लागले. पाती मिटली की वायूची वाट अरुंद होते आणि थोडा वायूही टर्बाइनवर जोराने आदळतो. हा थ्रेशोल्डवरचा उपाय झाला.

लॅगचे मूळ प्रामुख्याने फिरत्या भागांच्या जडत्वात असते. टर्बोतल्या चाकांचा व्यास 10 टक्क्यांनी वाढला आणि इतर मापे त्याच प्रमाणात वाढली, तर जडत्व सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. बॉल बेअरिंग किंवा इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाचे) आखूड पाइप लॅग कमी करतात. पण टर्बाइनच मोठी असेल, तर थ्रेशोल्ड त्यांनी फारसा खाली येत नाही. चुकीच्या दुखण्यावर पैसे जातात ते नेमके इथे.

म्हणून लहानात लहान टर्बो घ्यावा, असेही नाही. लहान टर्बाइन वरच्या आरपीएमवर एक्झॉस्टची वाट अडवते, आणि लहान कंप्रेसर त्याच्या क्षमतेबाहेर हवा ढकलू लागला की दाबापेक्षा उष्णताच जास्त देतो. उलट मोठ्या कंप्रेसरकडून कमी प्रवाहात जास्त दाब मागितला, तर हवा उलटी फिरून सर्ज होतो आणि टर्बोचा दांडा मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची वाट लागते. टर्बो निवडताना नुसती ‘किती हॉर्सपॉवर हवी’ एवढीच चौकशी होते. गाडी रोज कोणत्या आरपीएमवर चालवायची आहे, हा आकडा त्याआधी सांगायला हवा.