कडा कोसळला की सावली सरकली?

धूमकेतूवर ‘हिमवर्षाव’ होत असल्याची एक छोटीशी चित्रफीत २०१८पासून समाजमाध्यमांवर फिरते आहे. समोर काळा कडा आणि त्याच्यापुढे भुरभुरणारे पांढरे कण. चित्रं खरी आहेत, लावलेला अर्थ चुकीचा आहे. युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाने ती १ जून २०१६ रोजी ६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूपासून साधारण १३ किमी अंतरावरून टिपली. सगळे मिळून शिस्तीत खाली सरकणारे ठिपके म्हणजे मागचे बृहल्लुब्धक तारकासमूहातले तारे. वाटेल तसे धावणारे कण ही यानाच्या आसपासची धूळ, आणि क्षणभर चमकून नाहीशा होणाऱ्या रेघा म्हणजे कॅमेऱ्याच्या सीसीडीवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) आदळलेले वैश्विक किरण. कडा जागचा हललेलाही नाही.

तरी या धूमकेतूवरचे कडे खरोखर कोसळतात. ते छायाचित्रांवरून ठरवणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही.

आधी कॅमेऱ्याचा हिशोब. रोझेटावरच्या ओसायरिस यंत्रणेतल्या लांब पल्ल्याच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर ७१७ मिमी आणि एक पिक्सेल १३.५ मायक्रॉनचा. म्हणजे १० किमीवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे १९ सेंमी जमीन मावते. १३ ऑगस्ट २०१५ला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ, १८.६ कोटी किमीवर होता, आणि यान धूमकेतूपासून तब्बल ३२७ किमी दूर. तिथून एक पिक्सेल ६ मीटरचा! पृष्ठभागावर सर्वाधिक उलथापालथ चालू असतानाच नजर सर्वांत अधू झालेली.

याला कारण धूळ. यानावरचा स्टार ट्रॅकर समोर दिसणाऱ्या ठिपक्यांची मांडणी ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवतो आणि त्यावरून यानाचं तोंड कुठे आहे ते ठरवतो. २८ मार्च २०१५ला पृष्ठभागापासून १४ किमीवरून जाताना उन्हात चमकणारे धूलिकणच त्याने तारे समजले. दिशा चुकली, मुख्य अँटेना पृथ्वीवरून ढळू लागली, यान सेफ मोडमध्ये (फक्त स्वतःचा जीव सांभाळणाऱ्या स्थितीत) गेलं आणि वैज्ञानिक उपकरणं बंद पडली. त्यानंतर धूळ ओसरेपर्यंत यान लांबच ठेवावं लागलं.

आता खरी मेख. वेगवेगळ्या तारखांची दोन चित्रं शेजारी ठेवली की फरकच फरक दिसतात, आणि त्यातले बहुतेक उन्हाचे असतात. दोन मीटर उंचीचा खडक घ्या. सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असेल तर सपाटीवर त्याची सावली ११ मीटरची पडते. ४० अंशांवर असेल तर जेमतेम २.४ मीटरची. खडक तिथेच आहे, पण दुसऱ्या चित्रात नऊ मीटर ‘नवी’ जमीन उघडी पडली. इथे वातावरण नाही, त्यामुळे सावली जवळजवळ कुट्ट काळी असते. आत काय आहे ते समोरच्या उतारावरून किंवा धुळीवरून परतलेल्या अंधूक उजेडातच चाचपायचं. उलट सूर्य बरोबर यानाच्या पाठीमागे असेल तर प्रत्येक खडकाची सावली त्याच्याच आड लपते आणि खडबडीत रान सपाट दिसतं.

म्हणून कामाचा एक क्रम ठरलेला आहे. प्रथम मूळ फाइलमधून सीसीडीचे दोष आणि वैश्विक किरणांचे डाग काढायचे. मग त्या क्षणी यान, सूर्य आणि धूमकेतू कुठे होते ते घेऊन चित्राचा प्रत्येक पिक्सेल धूमकेतूच्या त्रिमितीय प्रारूपावर बसवायचा. त्यानंतर मला सर्वांत आवडणारी पायरी येते: जुन्या चित्रांवरून बनवलेल्या प्रारूपावर संगणकात नव्या चित्राच्या वेळचं ऊन पाडायचं. जमीन बदललेली नसेल तर प्रारूपातली सावली आणि छायाचित्रातली सावली तंतोतंत जुळायला हवी. जिथे जुळत नाही, तिथे संशय. शक्य असेल तर उन्हाचा कोनच सारखा असलेली जोडी शोधायची. मे २०१५मध्ये सूर्य धूमकेतूच्या विषुववृत्तावर होता आणि मार्च २०१६मध्ये पुन्हा तिथेच आला. मधल्या उन्हाळ्याआधीची आणि नंतरची चित्रं अशी सापडतात.

यातही फसगत होते. प्रारूप बनवताना संगणक दोन चित्रांतल्या सारख्या खुणा जुळवतो. सावलीची कड ही त्याला ठसठशीत खूण वाटते. दोन चित्रांच्या मध्ये ती सरकली असेल तर नसलेला उंचवटा तयार होतो. तेव्हा वेगळ्या उन्हातल्या तिसऱ्या चित्रातही बदल दिसला तरच तो धरायचा, आणि एक-दोन पिक्सेलच्या फरकाचा मोह सोडायचा.

उजळपणाचंही तसंच. हा पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशातला फक्त सुमारे ६ टक्के परत पाठवतो. छापलेल्या चित्रांत तो करडा दिसतो, कारण प्रत्येक चित्र वेगवेगळं उजळवलेलं असतं. तुलना करायची ती मोजलेल्या परावर्तनाची.

एवढ्या चाळण्यांतून जे उरलं, ते भन्नाट आहे. सेथ प्रदेशात असवान नावाचा १३४ मीटर उंचीचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर ७० मीटर लांब, मीटरभर रुंद भेग सप्टेंबर २०१४मध्येच दिसली होती. १० जुलै २०१५ला तिथून धुळीचा फवारा उडाला आणि पाच दिवसांनी कड्याच्या छाताडावर पांढरा पट्टा दिसला: परावर्तन ४० टक्क्यांवर, म्हणजे आतलं ताजं बर्फ. डिसेंबरअखेर बर्फाचं संप्लवन होऊन, म्हणजे पाणी न होता थेट वाफ होऊन, तो निम्म्याने मावळला. धूमकेतू दिसला की अरिष्ट येतं म्हणतात. इथे अरिष्ट आलं ते खुद्द धूमकेतूवरच.

धूमकेतूवरच्याच इमहोटेप प्रदेशाच्या सपाटीवर ३ जून २०१५ला एक गोल खळगा दिसला, मग शेजारी दुसरा. २ जुलैपर्यंत त्यांचे व्यास २२० आणि १४० मीटरच्या घरात पोचले होते. त्यांची कड तासाला वीसेक सेंटिमीटरने पुढे सरकत होती. नुसत्या संप्लवनाने हा वेग येत नाही. तिथला थर फारच भुसभुशीत असावा, किंवा आतल्या अस्फटिकी (रेणूंची नीट मांडणी नसलेल्या) बर्फाचं स्फटिकीकरण होताना बाहेर पडणारी उष्णता हातभार लावत असावी.

खोन्सू प्रदेशात तर सुमारे ३० मीटर रुंदीचा, अंदाजे १२,८०० टन वस्तुमानाचा धोंडा १४० मीटर सरकलेला सापडला. तिथे गुरुत्व इतकं क्षीण आहे की सेकंदाला मीटरभर वेगाने फेकलेली वस्तू परत येत नाही. त्यामुळे दोन शक्यता उरतात: खालची जमीन झिजून तो उतारावरून घरंगळला, किंवा वायूच्या उद्रेकाने त्याला ढकललं. दोन्हींत धोंड्याची नवी जागा एकच येते, म्हणून निव्वळ आधीच्या आणि नंतरच्या चित्रांवरून त्यांच्यात निवड करता येत नाही.